सातपुडा खुलासा करत नाही

रामदासपेठेत दर चार पावलांवर एक दवाखाना. डोळ्यांचा, हाडांचा, लहान मुलांचा, नुसत्या गुडघ्यांचासुद्धा. त्या गर्दीत एका जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर, खाली औषधांचं दुकान आणि वर दातांचा डॉक्टर अशा बेचक्यात, 'सातपुडा टेलिग्राफिक न्यूज एजन्सी' ही पितळी पाटी अजून लटकत होती. पेशंटचे नातेवाईक चुकून दार ढकलायचे आणि विचारायचे, "एक्स-रे इथंच निघतो का?" मग मधुसूदनराव हरकरे चष्म्यावरून बघत म्हणायचे, "इथे एके काळी अख्ख्या मध्यप्रांताची नाडी बघत असत." नातेवाईक बिचारे, नाडी बघायचं मशीन कुठलं या विचारात परत जायचे.

एजन्सी बंद पडून पस्तीस वर्षं झाली होती. टेलिप्रिंटर भंगारात गेले, वार्ताहर देवाघरी गेले, पुढे तर सरकारने तार पाठवणंच बंद करून टाकलं. उरल्या होत्या दोन खोल्या, सहा लोखंडी कपाटं आणि अठ्ठ्याहत्तर वर्षांचे मधुसूदनराव. त्यांच्या मनाने घेतलं की एजन्सीची शताब्दी करायची. १९२४ साली त्यांचे आजोबा, रावसाहेब नानाजी हरकरे, यांनी ती काढली आणि ती चालली पासष्ट वर्षं. पण मधुसूदनरावांनी बंद दाराची वर्षंही बेरजेत धरली आणि शंभर भरवले. मयत माणसाच्या नावाने केक कापावा, त्यातलाच हा प्रकार. तरी पत्रिकांचे नमुने यायला लागले. हरकऱ्यांच्या घरात नम्रता दिसायची ती एकाच जागी, पत्रिकेच्या तळाशी, 'विनीत' या शब्दात.

शताब्दी म्हटली की ग्रंथ आलाच. त्याचं नाव ठरलं 'अचूकतेची शंभर वर्षं'. मधुसूदनरावांनी खुर्चीत रेलून सांगायचं आणि अस्मिता वझलवारने ते कॉम्प्युटरवर उतरवायचं. अस्मिता नंदनवनातून रोज स्कूटरने यायची. आठ वर्षांपूर्वी कपाटांतल्या जुन्या वह्या लावून द्यायला म्हणून आली, ती राहिलीच. शेचाळिशीची, हळू आवाजात बोलणारी बाई. मधुसूदनरावांना ती भाऊसाहेब म्हणायची, आणि ते तिला 'आमच्या अस्मिताबाई' म्हणायचे, जसं 'आमची इस्त्री' म्हणावं तसं.

यंदा आषाढी एकादशीला अस्मिताने चातुर्मासाचा नेम धरला होता. दरवर्षी ती वांगी सोडायची, कांदा-लसूण सोडायची. यंदा देवळात पुराण सांगणाऱ्या रुखमाबाई म्हणाल्या, "वांगं काय, तुला तसंही आवडत नाही. सोडायचं तर असं सोड, की सोडताना लागलं पाहिजे." म्हणून तिने खोटं बोलणं सोडलं. चार महिने तोंडातून एकही खोटा शब्द काढायचा नाही. तिला वाटलं, सोपं आहे, मुळात आपण बोलतोच किती! आठच दिवसांत उमगलं, की ज्या पुस्तकाचं काम आपण करतो, त्यात खरं वाक्य खिचडीतल्या खड्यासारखं क्वचितच दाताखाली येतं.

तिने रुखमाबाईंना विचारलं, "दुसऱ्याचं खोटं टाइप केलं, तर नेम मोडतो का हो?"

रुखमाबाईंनी जरा विचार केला. "बोलणारं तोंड त्याचं, तुझी फक्त बोटं. मोडत नाही. पण नंतर हात धुवत जा."

तेव्हापासून एक प्रकरण संपलं की अस्मिता उठून साबणाने हात धुवायची. मधुसूदनरावांना तिच्या स्वच्छतेचं मोठं कौतुक.

ग्रंथात एक वाक्य तर दर चार पानांनी यायचं: 'शंभर वर्षांत सातपुडाला एकाही बातमीचा खुलासा करावा लागला नाही.' हे मात्र खरं होतं. खुलासा करायला आधी चूक मान्य करावी लागते, आणि ते हरकऱ्यांच्या रक्तातच नव्हतं.

बातम्या कशा तयार होत, ते अस्मिताला वह्यांतून ठाऊक झालं होतं. रावसाहेब नानाजींची एक पद्धत होती, तिला ऑफिसात 'आगाऊ' म्हणत. साहेबलोकांच्या दौऱ्याचा छापील कार्यक्रम आधीच हातात यायचा. संध्याकाळी तारघरात पेपरवाल्यांची झुंबड, म्हणून रावसाहेब सकाळीच कार्यक्रमावरून बातमी लिहून तारेला लावायचे. साहेब अजून दाढी करत असायचा आणि इकडे त्याच्या भाषणाला टाळ्या पडून चुकलेल्या असायच्या. साचा ठरलेला: शामियाना, हारतुरे, साहेबांचे हृदयस्पर्शी भाषण, रयतेचा जयघोष. गावाचं नाव तेवढं बदलायचं. गर्दीचा आकडा साहेबाच्या हुद्द्यावर. डेप्युटी कमिशनरला दोन हजार माणसं, कमिशनरला पाच, लाटसाहेबाला दहा. गावात तेवढी माणसं आहेत का, हा प्रश्न रावसाहेबांना कधी पडला नाही. सरकार खूश, साहेब खूश, आणि मुंबई-कलकत्त्याच्या पेपरांना आमच्या गावांशी काय देणंघेणं? चौदा ऑगस्ट सत्तेचाळीसपर्यंत हा साचा चालला. पंधरा ऑगस्टला 'रयतेचा जयघोष' खोडून 'नागरिकांचा जयघोष' केलं, बाकी शामियान्यासकट सगळं तेच. ग्रंथात या प्रकरणाचं नाव होतं, 'स्वातंत्र्यलढ्यात सातपुडाचे योगदान'. ते टाइप करून अस्मिताने दोनदा हात धुतले.

भाद्रपदातली गोष्ट. सकाळी अकराच्या सुमाराला दार ढकलून दोन माणसं आत आली. पंचाहत्तरीच्या घरातली एक म्हातारी, नऊवारीचा पदर डोक्यावर, काखेत कागदांची प्लास्टिकची पिशवी. तिच्यामागे तिशीचा, उन्हाने रापलेला एक जण.

"हेच का जी सातपुडा?" म्हातारीने विचारलं.

मधुसूदनराव सवयीने म्हणाले, "एक्स-रे खाली."

"एक्स-रे नाई पायजे जी. मी जितेंद्र डाखोळे, हे माही आजी, भागीरथाबाई. आमखेडीहून आलो, कळमेश्वरच्या तिकडून. आमच्या गावात दवाखाना पायजे."

"अहो, मग इथे कशाला आलात? सरकारकडे जा."

"तिथूनच येऊन राहिलो. सरकार म्हणते, तुमच्या गावात दवाखाना हाये."

"आहे ना? मग झालं."

"नाई ना जी!"

म्हातारी शांतपणे खुर्चीत बसली आणि पिशवीतून एक झेरॉक्स काढून टेबलावर ठेवली. "तुमच्याच घरच्यानं लिवलं हाये म्हनून. तवापासून हाये."

इंग्रजी पेपरातलं जुनं कात्रण होतं. १७ जानेवारी १९३४. आमखेडी येथे कमिशनर साहेबांच्या हस्ते दवाखान्याचे उद्घाटन. खाली बारीक अक्षरांत, 'सातपुडा एजन्सीकडून'.

मधुसूदनरावांचा चेहरा खुलला. त्यांनी ते मोठ्याने वाचायला घेतलं, आणि वाचता वाचता त्याचं मराठीही करायला लागले. "'पाच सहस्र रयतेने साहेबांचा जयघोष केला. रुग्णसेवेचे हे मंदिर पाहून वृद्धांचे नेत्र पाणावले.' वा! काय भाषा आहे! अस्मिताबाई, हे ग्रंथात घ्यायलाच हवं."

"पाच हजार?" भागीरथा म्हणाली. "ढोरंवासरं धरून पाचशे नसन जी तवा आमच्या गावात."

मग तिने सासऱ्याकडून ऐकलेलं सांगितलं. रस्त्याकडेचा जमिनीचा तुकडा तिच्या सासऱ्याने दवाखान्यासाठी दिलेला. गुडघ्याएवढं जोतं बांधून झालं होतं, लाकूडफाटा येऊन पडला होता. साहेब कोनशिला बसवणार आणि मग वरचं बांधकाम होणार, असं ठरलेलं. त्या दिवशी सगळं गाव हार घेऊन उभं. साहेब अलीकडच्या गावातूनच तलावावर बदकं मारायला वळला, तो परत आलाच नाही. संध्याकाळी हार बकऱ्यांनी खाल्ले. आणि आठ दिवसांनी ठेकेदार बैलगाड्या घेऊन आला आणि लाकूडफाटा उचलून चालता झाला. का, तर पेपरात आलं होतं ना, दवाखाना सुरू झाला म्हणून! सुरू झालेल्या दवाखान्याला आणखी लाकूड कशाला? कात्रण सरकारी फायलीत गेलं, फाइल बंद झाली.

"आता त्या जोत्यालेच दवाखाना म्हणतेत," जितेंद्र म्हणाला. "मिरच्या दवाखान्यात वाळत घातल्या, असं बोलतेत आमच्याकडे बाया. पत्ते खेळाले दवाखान्यात बसतेत. चार डाव अर्ज केला आम्ही. दर डाव एकच उत्तर, अभिलेखानुसार गावात दवाखाना सन चौतीसपासून अस्तित्वात. एक साहेब येऊन जोतं पाहून गेला, तं म्हणे इमारत पडकी झाली, दुरुस्तीचा अर्ज करा. दुरुस्तीचा केला, तं म्हणे बांधून झाल्याचा दाखला आणा."

मधुसूदनरावांना हसू आवरेना. "सरकारी कारभार! ग्रेट!"

भागीरथा हसली नाही. "मागच्या पावसाळ्यात याच्या बायकोले, अपेक्षाले, कळा सुरू झाल्या. नाल्याले पूर. पानी उतरलं तवा ट्रॅक्टरवर टाकून नेली. त्या जोत्याजवळूनच नेली. कळमेश्वर यायच्या आंधीच लेकरू गेलं."

हे तिने अशा आवाजात सांगितलं, की जणू कुणी वेळ विचारली आणि तिने ती सांगितली. जितेंद्र भिंतीवरच्या रावसाहेबांच्या तसबिरीकडे बघत राहिला. अस्मिताची बोटं कीबोर्डवरच थांबली.

सरकारी आरोग्य कचेरीत, जितेंद्रने सांगितलं, आता एक नवी बाई आली होती, नूपुर मॅडम. तिने फाइल उघडून नीट वाचली होती. नवीन आरोग्य उपकेंद्रांची यादी दिवाळीच्या आत वर जाणार. आमखेडीचं नाव त्यात घालता येईल, पण आधी तो चौतीस सालचा दवाखाना कागदावरून जायला हवा. आणि तो असल्याचा एकच पुरावा फायलीत होता, हे कात्रण. ज्यांनी बातमी दिली त्यांनीच आपल्या कागदावर, सहीशिक्क्यानिशी, ती बरोबर नव्हती असं लिहून दिलं, तर मॅडम नोंद खोडणार होती. यादी चुकली, तर पुढची पाच वर्षांनी.

"तं तेवढं लिवून द्या जी," भागीरथा म्हणाली.

मधुसूदनराव खुर्चीत ताठ झाले. "हे बघा आजी. तुमचं दुःख मला समजतं. पण सातपुडा खुलासा करत नाही. शंभर वर्षांत केला नाही. आणि आता, ऐन शताब्दीत, मी माझ्या आजोबांना खोटं ठरवू?"

"आम्ही काहून कोनाले खोटं ठरवू? फक्त दवाखाना नाई हाये, एवढंच लिवा."

"तेच ते! एक काम करतो. ग्रंथाची एक प्रत तुमच्या गावच्या वाचनालयाला सप्रेम भेट देतो."

"वाचनालय नाई जी गावात," जितेंद्र म्हणाला.

"अरेरे. त्याबद्दल मी आवाज उठवीन. बातमी देऊ कुठेतरी."

"नका देऊ जी बातमी," जितेंद्र पटकन म्हणाला. "मंग तेबी कवाच भेटनार नाई."

मधुसूदनरावांना ते कळलं नाही, म्हणून ते उदारपणे हसले. भागीरथाने कात्रणाची घडी केली, पिशवीत ठेवली. अस्मिता पाण्याचे ग्लास घेऊन त्यांच्यामागे जिन्यापर्यंत गेली. म्हातारी उभ्या उभ्या पाणी प्यायली आणि ग्लास परत देताना तिने अस्मिताकडे नीट बघितलं.

"तू तं काहीच नाई बोलली वं, बाई."

अस्मिता म्हणाली, "बोलेन, आजी."

खाली औषधांच्या दुकानापाशी ती दोघं दिसेनाशी झाली, तेव्हा कुठे तिच्या ध्यानात आलं, आपण काय बोलून बसलो ते. चातुर्मास नसता, तर 'बोलेन' हा एक गोड शब्द होता, लग्नात भेटलेल्या माणसाला 'या एकदा घरी' म्हणतात तसला. आता तो खरा करणं भाग होतं.

दुपारी मधुसूदनराव जेवायला घरी गेले, तसं तिने तिसरं कपाट उघडलं. चौतीस सालची वही वाळवीने एका कोपऱ्यात खाल्लेली, पण जानेवारी शाबूत होता. तारेला लावलेल्या प्रत्येक बातमीची त्यात ओळ असायची. तारीख, गाव, तारघरात दिल्याची वेळ, आणि शेवटी तारबाबूची सही. ती ओळ सापडायला पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत. आमखेडी, दवाखाना उद्घाटन. तारघरात दिली, सकाळी नऊ वाजून दहा मिनिटं. सही, सरकारी तारबाबूची. वहीतच दौऱ्याचा छापील कार्यक्रम टाचलेला होता: कमिशनर साहेबांचं आमखेडीत आगमन, दुपारी चार.

म्हणजे वृद्धांचे नेत्र सात तास आधीच पाणावले होते.

तिने त्या पानाचा फोटो काढला, आणि लगेच कळलं की याचा उपयोग नाही. वहीचा फोटो कुणीही काढून नेईल. नूपुर मॅडमला एजन्सीचा कागद हवा होता आणि त्यावर हरकऱ्यांची सही हवी होती. सही चोरणं तिच्याने होणार नव्हतं. भाऊसाहेबांना घाबरवणं तिला जमलं नसतं. आणि खोटं तर बोलायचंच नव्हतं. उरलं काय? खरं. पण भाऊसाहेबांना खरं पचत नसे, त्यांना ते गोड लागलं तरच गिळवायचं. तिने दोन दिवस विचार केला. चुकीची कबुली या माणसाकडून मेलं तरी मिळायची नाही, पण फुशारकी तर मागावीही लागत नाही!

तिसऱ्या दिवशी मधुसूदनराव नव्या प्रकरणासाठी शब्द शोधत डोळे मिटून बसले होते. अस्मिताने वही त्यांच्यापुढे उघडून ठेवली.

"भाऊसाहेब, ती आमखेडीची बातमी. रावसाहेबांनी ती सकाळी नऊ दहाला तारघरात दिली होती."

"बरं मग?"

"साहेब येणार होते दुपारी चारला."

मधुसूदनरावांनी एक डोळा उघडला. त्या डोळ्यात भीती होती, तिने ती स्वच्छ पाहिली. ती शांतपणे पुढे म्हणाली, "घटनेच्या आधी सात तास बातमी देणारी दुसरी संस्था मी तरी ऐकली नाही."

यात खोटं काहीच नव्हतं. मधुसूदनरावांचा दुसरा डोळा उघडला.

"सात तास?"

"सहा तास पन्नास मिनिटं."

ते उठून उभे राहिले. खोलीत दोन येरझाऱ्या घातल्या. तसबिरीसमोर थांबले. "सहा तास पन्नास मिनिटं! आणि आजकालचे हे चॅनलवाले ब्रेकिंग-ब्रेकिंग म्हणून ओरडतात! घटना घडल्यावर बातमी कुणीही देईल, त्यात काय अक्कल लागते? लिहून घ्या, अस्मिताबाई. प्रकरण अकरावं. 'काळाच्या पुढे'."

अस्मिता लिहून घेऊ लागली. ते सांगत गेले, शब्दांना पूर आला. आगाऊ पद्धत, तिचे जनक रावसाहेब, त्यांची दूरदृष्टी. आमखेडीचा मासला तर त्यांनी मिनिटांसह दिला. एका जागी तिने विचारलं, "साहेब आमखेडीला पोचलेच नाहीत, दवाखाना जोत्यावरच राहिला, ते लिहायचं का?"

मधुसूदनराव थबकले. जिन्यात कुणीतरी कुणाला तरी दातांच्या डॉक्टरचा मजला विचारत होतं.

"लिहा," ते म्हणाले. "का लिहू नये? बातमी वेळेवर पोचली. साहेब पोचले नाहीत. चूक कुणाची? साहेबांची! साहेब चुकले, सातपुडा चुकली नाही. हे वाक्य ठळक अक्षरात."

अस्मिताने ते ठळक केलं. मग आपल्या नेहमीच्या हळू आवाजात म्हणाली, "एवढं महत्त्वाचं आहे, तर एजन्सीच्या कागदावर वेगळं प्रमाणपत्रच करावं का? बातमीची वेळ, साहेबांची वेळ, साहेब आले नाहीत, दवाखाना झाला नाही. तुमच्या सहीने. पुढे संशोधन करणाऱ्याला वही बघायची गरज नको."

"जरूर! आणि शिक्का मारा. तो जुना, पितळी."

पत्र तयार झालं, ते ठळक वाक्यही त्यात आलं. मधुसूदनरावांनी पेनाचं टोपण काढलं आणि नेमका तेव्हाच त्यांचा मुलगा विक्रम आत आला. विक्रम शताब्दीचा सगळा तामझाम सांभाळत होता, हॉल, हार, पाहुणे. धंद्याने जाहिरातवाला, म्हणजे पणजोबांचंच काम, फक्त तारेशिवाय. त्याने पत्र उचलून वाचलं आणि त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"बाबा, हा तर खुलासा झाला!"

"खुलासा चुकीचा करतात. यात चूक कुठे आहे?"

"त्या परवाच्या गाववाल्यांना हेच हवं होतं ना?" विक्रम अस्मिताकडे वळला. "मॅडम, खरं सांगा. हे तुम्ही त्यांना देणार आहात का?"

एक 'नाही' म्हटलं असतं की काम फत्ते होतं. नुसतं 'छे' म्हटलं तरी चाललं असतं. गप्प बसली असती, तर विक्रमनेच त्याचा हवा तो अर्थ लावला असता. अस्मिताच्या डोळ्यांपुढे जिन्यातली म्हातारी आली, नाल्याकाठचा ट्रॅक्टर आला, आणि वाटलं, देवा, हे कसलं सोडायला लावलंस मला!

"हो," ती म्हणाली. "देणार आहे."

विक्रमने विजयाने वडिलांकडे बघितलं. मधुसूदनरावांच्या हातातलं पेन हवेत थांबलं. त्यांनी पत्राकडे बघितलं, त्या ठळक वाक्याकडे बघितलं. चेहऱ्यावर काहीतरी झुंजत होतं. आणि मग, अस्मिताने आठ वर्षांत ज्याचा मनोमन तिटकारा केला होता, तो हरकरे-अभिमान त्यांच्या मानेतून वर चढला आणि तिच्या मदतीला धावून आला.

"देऊ दे!" ते म्हणाले. "खेड्यातसुद्धा कळू दे, सातपुडा काय चीज होती ते! विक्रम, तुला जाहिरात कळते, इतिहास कळत नाही." आणि त्यांनी सही केली, लांबलचक, शेपटाला दोन वेटोळी घालून. शिक्का स्वतःच मारला, जरा तिरका.

विक्रम काहीतरी पुटपुटत बाहेर गेला. त्या प्रकरणानंतर अस्मिताने हात धुतले नाहीत.

दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून ती बसने गेली. कचेरीच्या व्हरांड्यात तिच्या निरोपावरून भागीरथा आणि जितेंद्र आधीच येऊन बसले होते. नूपुर मॅडमने पत्र एकदा वाचलं, मग पुन्हा वाचलं. ठळक वाक्याशी आली तेव्हा तिने खालचा ओठ दातांत धरला आणि खिडकीबाहेर बघितलं.

"असं पत्र मी जन्मात वाचलं नाही," ती म्हणाली. "पण दवाखाना झाला नाही, हे यात आहे. सही आहे, शिक्का आहे. मला पुरे."

तिने फाइल उघडली. लाल पेनाने नव्वद वर्षांच्या दवाखान्यावर आडवी रेघ मारली, बाजूला तारीख घातली. मग उपकेंद्रांच्या यादीत हाताने एक ओळ वाढवली.

"आजी, एक सांगते. यादीत नाव गेलं म्हणजे दवाखाना झाला, असं समजू नका. मंजुरी यायची, मग पैसा, मग बांधकाम. वेळ लागेल. पण आता 'तुमच्याकडे आहे' असं कुणी म्हणणार नाही."

"एवढंच पायजे होतं बाई," भागीरथा म्हणाली. तिने यादीतल्या त्या ओळीवर बोट ठेवून बघितलं, शाई ओली होती, बोटाला लागली.

बाहेर व्हरांड्यात एक पन्नाशीचा गृहस्थ उभा होता. गळ्यात कुठल्याशा बातम्यांच्या पोर्टलचं ओळखपत्र, शर्टाच्या खिशात दोन पेनं, हातात मोबाइल. कुणीतरी त्याला आतली गोष्ट सांगितली असावी. त्याने विचारायच्या आधीच तिघांचा फोटो काढला.

"अभिनंदन हो आजी! मोठं काम केलं तुम्ही. बस, दोन मिनिटं, टाकूनच देतो."

त्याची बोटं भराभर चालली. जितेंद्रने त्याच्या खांद्यावरून वाकून बघितलं आणि त्याचा चेहराच उतरला.

"काय लिवून राहिला गा तो?" भागीरथाने विचारलं.

जितेंद्रने वाचलं, "'आमखेडीला मिळाला दवाखाना. हजारो ग्रामस्थांमध्ये आनंदाची लाट.'"

भागीरथा त्या गृहस्थासमोर जाऊन उभी राहिली. उंचीने ती त्याच्या खांद्यालाही लागत नव्हती.

"खोड ते, बापू."

"अहो आजी, आज ना उद्या होणारच आहे ना? आपण चांगलंच लिहितोय."

"उद्या होईन तं उद्या लिव."

"मग आज काय लिहू? आज काहीतरी टाकावंच लागतं मला."

"आज दवाखाना नाई हाये. तेच लिव."

"ही काय बातमी झाली?" त्याने मदतीसाठी अस्मिताकडे बघितलं. "मॅडम, तुम्ही शिकलेल्या दिसता, जरा समजवा ना यांना. असं कोण वाचणार?"

"त्या बरोबर सांगतात," अस्मिता म्हणाली. "तसंच लिहा."

त्याने हताशपणे मान हलवली, पण म्हातारी समोरून हलेना. तिचा हात त्याच्या बाहीवर होता, शाईचं बोट बाहीला पुसलं जात होतं, आणि जाणारे-येणारे थांबून बघायला लागले होते. शेवटी त्याने पहिली ओळ पुसली आणि नवी लिहिली.

"वाच गा," भागीरथा नातवाला म्हणाली.

"'आमखेडीत दवाखाना नाही.'"

"अजून एक डाव."

जितेंद्रने पुन्हा वाचलं, या वेळी मोठ्याने, व्हरांड्यातल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं. "'आमखेडीत दवाखाना नाही.'"

भागीरथाने बाही सोडली. "हां. आता धाड."